निरगाठ नव्हे, सुरगाठ : एच१ हिस्टोनचा धडा आणि भारतीय जीवविज्ञान

जानेवारी २०२५ मध्ये ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाची माहिती फरीदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रामार्फत संशोधकांसाठी खुली झाली. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील आणि समाजांतील सुमारे १० हजार व्यक्तींच्या डीएनएची अक्षरे या संग्रहात उतरवलेली आहेत. ही कामगिरी मोठी आहे आणि तिचे कौतुक झाले ते योग्यच झाले. परंतु या कौतुकाच्या भरात एक जुना गैरसमज पुन्हा पक्का होण्याची भीती आहे. डीएनएची अक्षरे हाती आली की जीवनाचा अर्थ हाती आला, हा तो गैरसमज होय.

यकृताची पेशी आणि मेंदूतील चेतापेशी यांच्यातील डीएनएची अक्षरे जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. तरीही एक पेशी पित्तरस निर्माण करते आणि दुसरी विद्युत्संकेत वाहून नेते. मजकूर एकच असूनही कोणते पान उघडे आणि कोणते मिटलेले, यावर पेशीचा स्वभाव ठरतो. जुन्या पोथ्या बासनात बांधून ठेवत. केवळ पोथीतील अक्षरे मोजणाऱ्याला ती कोणी, केव्हा आणि कोठे उघडून वाचली हे कळत नाही. पेशीच्या केंद्रकात डीएनए ज्या बासनात बांधलेला असतो, त्याचे नाव क्रोमॅटिन. या बासनाची गाठ ज्या प्रथिनांच्या हाती आहे, त्यांपैकी सर्वांत दुर्लक्षित प्रथिन म्हणजे लिंकर हिस्टोन, अर्थात एच१.

प्रथम बांधणीचा हिशेब पाहावा. मानवाच्या एका पेशीतील सगळा डीएनए सलग पसरला, तर त्याची लांबी सुमारे २ मीटर भरते. ज्या केंद्रकात तो मावतो, त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही सहसा कमी असतो. हे साधते ते हिस्टोन प्रथिनांमुळे. एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ या चार हिस्टोनांच्या प्रत्येकी दोन प्रती एकत्र येऊन आठ प्रथिनांची एक चकती तयार होते आणि तिच्याभोवती डीएनएच्या सुमारे १४७ बेस-जोड्या पावणेदोन वेढ्यांच्या आसपास गुंडाळल्या जातात. हा न्यूक्लिओसोम. दोन न्यूक्लिओसोमांच्या मध्ये डीएनएचा जो मोकळा धागा उरतो, त्याला लिंकर म्हणतात. एच१ न्यूक्लिओसोमच्या बाहेरच्या अंगाला बसते. डीएनए जेथे चकतीवर चढतो आणि जेथून उतरतो, त्या दोन्ही टोकांना ते जवळ आणते आणि आणखी सुमारे २० बेस-जोड्यांना आपल्या आश्रयाखाली घेते. मण्यांची माळ सुटी न राहता वळू लागते, ती या टप्प्यावर.

हिस्टोन हा शब्द १८८४ मध्ये अल्ब्रेख्त कोसेल यांनी रूढ केला. त्यांनी हा पदार्थ हंसाच्या रक्तपेशींतून वेगळा केला होता. १९७४ मध्ये रॉजर कोर्नबर्ग यांनी न्यूक्लिओसोमची कल्पना मांडली आणि त्याच वर्षी एडा व डोनाल्ड ओलिन्स या दांपत्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून मण्यांसारखी रचना दाखवली. १९७९ मध्ये फ्रिट्झ थोमा, थिओ कोलर आणि एरन क्लूग यांनी दाखवले की एच१ उपस्थित असेल तर ही माळ नागमोडी, सुबक रीतीने दुमडते आणि क्षारांचे प्रमाण वाढवत नेल्यास तिचा सुमारे ३० नॅनोमीटर जाडीचा धागा बनतो. एच१ काढून घेतले तर हा सुबकपणा नाहीसा होतो.

पाठ्यपुस्तकांनी हे चित्र उचलले आणि ते तेथेच गोठले. दुहेरी सर्पिल, मग माळ, मग ३० नॅनोमीटरचा धागा, मग वेटोळी, मग गुणसूत्र, अशी पायऱ्यापायऱ्यांची आकृती पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी वहीत काढत आले. तीत एच१ म्हणजे वेढ्यांवर मारलेली एक टाचणी. टाचणी जागची हलत नाही, काही निवडत नाही आणि कोणाचे ऐकतही नाही. साहजिकच तिच्याविषयी प्रश्न विचारावा असे कोणाला वाटत नाही. एच१च्या वाट्याला आलेल्या उपेक्षेचे मूळ या आकृतीत आहे.

या आकृतीला पुराव्याचे धक्के बसत गेले, पण त्यांची वार्ता वर्गापर्यंत क्वचितच पोहोचली. २००० मध्ये दोन स्वतंत्र प्रयोगगटांनी एच१ला चमकणारे प्रथिन जोडून जिवंत पेशीत त्याची हालचाल पाहिली. केंद्रकातील एका ठिपक्याची चमक लेसरने मालवली असता थोड्याच वेळात शेजारचे चमकते रेणू तेथे येऊन बसत होते. चकतीतील एच३ आणि एच४ तासन्‌तास जागा सोडत नाहीत. एच१चा एकेक रेणू मात्र काही मिनिटांतच एका न्यूक्लिओसोमवरून उठतो आणि दुसऱ्यावर बसतो. म्हणजे कोणत्याही क्षणी बहुतेक जागा भरलेल्या असतात, पण कोणतीही जागा कायमची अडवलेली नसते. ही निरगाठ नव्हे, सुरगाठ आहे. ओढले की सुटावी आणि सोडले की पुन्हा बसावी, अशीच तिची घडण आहे. जनुक चालू करणाऱ्या प्रथिनांना डीएनएपर्यंत पोहोचण्याची संधी याच क्षणिक मोकळिकीत मिळते.

दुसरा धक्का खुद्द त्या ३० नॅनोमीटरच्या धाग्याला बसला. २०१४ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी परीक्षानळीत एच१सह बांधलेल्या धाग्याची क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपलेली रचना प्रसिद्ध केली. चार-चार न्यूक्लिओसोमांचे गट एकमेकांभोवती पिळलेले त्यात स्पष्ट दिसत होते. परंतु २०१७ मध्ये अमेरिकेतील एका गटाने पेशीच्या आतील क्रोमॅटिन एका नव्या रंजनपद्धतीने पाहिले, तेव्हा तेथे ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या, वेड्यावाकड्या, कोठे विरळ तर कोठे दाट अशा साखळ्याच आढळल्या. नळीतील शिस्तबद्ध धागा पेशीत सर्वत्र असतो, हे गृहीत ढासळले. एच१ची भूमिका त्यामुळे कमी झाली नाही, बदलली. एकसारखा दोर वळण्याऐवजी कोणता प्रदेश किती दाट ठेवायचा हे ठरवण्यात त्याचा वाटा आहे, असे आता दिसते.

ही दाटी पेशीगणिक वेगळी असते. उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींत सरासरी दर दोन न्यूक्लिओसोमांमागे एकच लिंकर हिस्टोन आढळते. कोंबडीच्या प्रौढ तांबड्या रक्तपेशीत, जेथे जनुकांचे कामकाज जवळजवळ थांबलेले असते, हे प्रमाण न्यूक्लिओसोममागे एकाहून अधिक भरते. जी पेशी पुढे काहीही होऊ शकते तिची गाठ सैल, आणि जिचे भवितव्य ठरून गेले तिची घट्ट.

एच१ काढून टाकले तर काय होते, हा प्रश्न १९९५ मध्ये टेट्राहायमिना या गोड्या पाण्यातील एकपेशीय जीवावर विचारला गेला. उत्तर चकित करणारे होते. एच१ नसतानाही जीव जगला. केंद्रक फुगले, पण मरण ओढवले नाही. जे नसले तरी चालते ते महत्त्वाचे कसे, असा निष्कर्ष अनेकांनी घाईने काढला. पुढच्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेने दाखवले की एच१च्या अभावी सरसकट सगळ्या जनुकांचे काम वाढत नाही, विशिष्ट जनुकांचेच बदलते. आणि हा बदल दोन्ही दिशांना होतो. काही जनुके एच१ दाबून ठेवते, तर काहींना चालू होण्यास साहाय्य करते. सस्तन प्राण्यांत तर जीवच पणाला लागतो. उंदरामध्ये एच१च्या तीन प्रकारांची जनुके एकाच वेळी निकामी केली असता एच१चे प्रमाण निम्म्यावर आले आणि भ्रूण गर्भावस्थेच्या मध्यावरच दगावले. २००३ चा हा प्रयोग वादाचा निकाल लावणारा ठरला.

मानवात एच१चे ११ प्रकार आहेत. सात शरीरपेशींत, तीन शुक्रनिर्मितीत आणि एक अंडपेशीत. एक निकामी झाला तर इतर त्याची जागा काही अंशी भरून काढतात. एच१वरील संशोधन रखडले त्याचे एक कारण हेच. एक जनुक बंद करून परिणाम पाहण्याची नेहमीची रीत येथे फसते. हे प्रकार परस्परांशी इतके मिळतेजुळते आहेत की त्यांना वेगवेगळे ओळखणारी विश्वासार्ह प्रतिपिंडेही सहज मिळत नाहीत. शिवाय एच१च्या रेणूतील मधला गोळीबंद भागच तेवढा निश्चित आकाराचा असतो. जवळजवळ १०० अमिनो आम्लांची, लायसिनने भरलेली, धनप्रभारित शेपटी ठराविक आकार धारण करीत नाही आणि म्हणून स्फटिकात दिसत नाही. मोजायला अवघड म्हणून मागे राहिलेली गोष्ट हळूहळू गौण समजली जाते. हा दोष निसर्गाचा नसून संशोधनाच्या सवयींचा आहे.

या सवयीविरुद्ध काम केलेल्यांत भारतीय नावे ठळक आहेत. चिदंबरम येथे जन्मलेले आणि बडोद्यात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन २००९ च्या नोबेल पुरस्कारामुळे रायबोसोमचे संशोधक म्हणून सर्वांना परिचित आहेत. त्याआधी, १९९३ मध्ये, अमेरिकेत असताना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या रक्तपेशीतील एच५ या लिंकर हिस्टोनच्या मधल्या भागाची स्फटिकरचना उलगडली होती. हा भाग डीएनएला एकाहून अधिक बाजूंनी स्पर्श करू शकतो, ही कल्पना त्या रचनेमुळे भक्कम पायावर उभी राहिली.

रामकृष्णन यांनी मधला भाग परदेशात उलगडला, तर शेपटीचा प्रश्न बंगळूरूत हाताळला गेला. भारतीय विज्ञान संस्था आणि पुढे जवाहरलाल नेहरू उच्च वैज्ञानिक संशोधन केंद्र येथे एम. आर. एस. राव यांनी उंदराच्या वृषणातील एच१टी या प्रकारावर दीर्घकाळ काम केले. शुक्रपेशी घडताना एका टप्प्यावर मातापित्यांकडून आलेल्या गुणसूत्रांत देवाणघेवाण व्हावी लागते. त्यासाठी क्रोमॅटिन फार घट्ट असून चालत नाही. त्याच काळात वृषणपेशीत एच१टी अवतरते. राव यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवले की यकृतातील एच१च्या तुलनेत एच१टी क्रोमॅटिनला फारच कमी आवळते. पुढे त्यांनी कारणाचाही माग काढला. इतर एच१च्या शेपटीत सेरीन, प्रोलीन आणि दोन लायसिन असा क्रम असलेला एक छोटा तुकडा पुनःपुन्हा येतो. तसा तुकडा वेगळा बनवून वापरला तरी तो डीएनए आवळतो, हे १९९७ मध्ये त्यांनी सिद्ध केले. २००२ मध्ये आवळण्याचे हे सामर्थ्य शेपटीतील ३४ अमिनो आम्लांच्या पट्ट्यापर्यंत आणून ठेवले. राव यांचे २०२३ मध्ये निधन झाले. ज्या शेपटीला जग निराकार म्हणून बाजूला ठेवत होते, तिच्यात अर्थ शोधण्याचे हे काम साध्या साधनांनी, भारतीय प्रयोगशाळेत आणि चिकाटीने झाले, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी.

शेपटीचे महत्त्व पुढे रुग्णालयातही दिसले. एच१.४ हा प्रकार घडवणाऱ्या जनुकात एखादे अक्षर गळाले किंवा शिरले तर पुढचा सगळा वाचनक्रम सरकतो. प्रथिन तयार होते, पण त्याच्या शेपटीचा धनप्रभार घटतो आणि डीएनए धरून ठेवण्याची तिची क्षमता बिघडते. असा बदल घेऊन जन्मलेल्या मुलांत बौद्धिक अक्षमता आणि वाढीतील दोष आढळतात. २०१७ पासून वर्णिलेल्या या विकाराला रहमान सिंड्रोम म्हणतात. बहुधा हा बदल आईवडिलांत नसतो, अपत्यातच प्रथम उद्भवतो. कारण न कळल्यामुळे एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरणाऱ्या कुटुंबाला ही माहिती मिळणे म्हणजे उपचार नव्हे, हे खरे. पण दोष कोणाचा, या प्रश्नाने पोखरलेल्या घराला ते मोठे उत्तर असते.

कर्करोगाची कहाणीही याच वळणाने जाते. लसीकापेशींच्या काही कर्करोगांत एच१च्या जनुकांतील बदल पुनःपुन्हा सापडत होते, पण ते प्रवाहात वाहत आलेले निरुपद्रवी ओंडके असावेत असे मानले जाई. २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे मत उलटवले. एच१ घटले की मिटलेले प्रदेश सैल होतात, त्यांवरील रासायनिक खुणा बदलतात आणि पेशीने बालपणीच बंद केलेली जनुके पुन्हा जागी होतात. उंदरांत एच१चा हा अभाव लसीकाकर्करोगाला चालना देतो. गाठ सुटणे हीच येथे रोगाची एक पायरी आहे.

आता पुन्हा त्या १० हजार जीनोमांकडे वळावे. त्यांत नोंदलेल्या फरकांपैकी बहुतांश प्रथिन घडवणाऱ्या भागांच्या बाहेर आहेत. असा फरक निरुपद्रवी की घातक, हे केवळ अक्षरे पाहून सांगता येत नाही. तो प्रदेश कोणत्या पेशीत उघडा असतो आणि कोणत्या पेशीत मिटलेला, हे माहीत असावे लागते. ही माहिती रक्ताच्या नमुन्यातून काढलेल्या डीएनएच्या अनुक्रमात नसते. त्यासाठी निरनिराळ्या ऊतींच्या पेशी आणि त्यांतील क्रोमॅटिनचे नकाशे हवेत. पाश्चात्त्य देशांत असे नकाशे दोन दशकांहून अधिक काळ तयार होत आहेत. त्यांतही भर आहे तो मुख्यतः चकतीतील हिस्टोनांवरच्या रासायनिक खुणांवर. एच१चे नकाशे तुलनेने विरळच आहेत. म्हणजे येथे भारताला कोणाच्या मागून धावायचे नाही. हे दालन अद्याप अर्धे रिकामे आहे.

यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतील. पहिली, जीनोम इंडियाच्या पुढच्या टप्प्यात संमतीने मिळालेल्या ऊतींचे संग्रह आणि त्यांतील क्रोमॅटिनचा अभ्यास यांचा समावेश व्हावा. दुसरी, मूलभूत प्रश्नांना दीर्घ मुदतीचे अनुदान मिळावे. देशाचा संशोधनावरील एकूण खर्च सकल उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्क्यांवर घुटमळत आहे. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासमोर पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्यातील वाटा ठरवताना तीन वर्षांत उत्पादन दाखवा, हीच एक कसोटी राहिली, तर शेपटीतील ३४ अमिनो आम्लांचा माग काढणारे काम पुन्हा उभे राहणार नाही. १९९५ ते २००२ हा काळ कोणत्याही एका अनुदानाच्या मुदतीत बसत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. पाठ्यपुस्तकातील पायऱ्यांची आकृती बदलावी. ती काढायचीच असेल, तर परीक्षानळीत दिसणारे आणि पेशीत दिसणारे यांतील फरक तिच्याखाली दोन ओळींत सांगावा.

यावर एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. क्षयरोग, रक्तक्षय आणि कुपोषण यांनी ग्रासलेल्या देशाने न्यूक्लिओसोमच्या गाठी मोजत बसावे काय? आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो झटकून टाकणे उचित नाही. सार्वजनिक आरोग्याचा एक रुपयाही यासाठी वळवू नये. परंतु जीनोमांच्या अनुक्रमांवर देशाने खर्च आधीच केला आहे. त्या अक्षरांचा अर्थ लावणारे ज्ञान नसेल, तर तो खर्चच अपुरा ठरेल, आणि अर्थ लावण्यासाठी परक्या लोकसमूहांच्या पेशींवरून काढलेल्या नकाशांवर विसंबावे लागेल. अचूक निदानाची वाट पाहणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने ही चैन नाही, उरलेले अर्धे काम आहे.

दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे. एच१ हे क्रोमॅटिनच्या अनेक सूत्रधारांपैकी केवळ एक आहे. चकतीतील हिस्टोनांवरच्या खुणा, डीएनएवरील मिथिल गट आणि वेटोळी घडवणारी प्रथिने यांचे कार्य कमी मोलाचे नाही. हे मान्यच करायला हवे. शिवाय एच१विषयी न सुटलेली कोडीही आहेत. पेशी विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे सर्वाधिक घट्ट होतात आणि नेमक्या त्याच वेळी एच१वर फॉस्फेट गटांची संख्या सर्वाधिक असते. फॉस्फेट जोडल्याने तर त्याची डीएनएवरील पकड सैल व्हायला हवी. हा विरोध पुरता उलगडलेला नाही. मात्र ही कोडी दुर्लक्षाचे समर्थन होऊ शकत नाहीत. संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगले निमंत्रण कोणते मिळणार?

चकतीवर घट्ट बसलेले चार हिस्टोन प्रसिद्ध झाले, आणि येत-जात राहणारे पाचवे मागे पडले. स्थिर ते महत्त्वाचे आणि चंचल ते दुय्यम, असे मानण्याची चूक विज्ञानाने येथे केली. जीवनाचा कारभार मात्र पुष्कळदा अशा सुटणाऱ्या आणि पुन्हा बसणाऱ्या गाठींवरच चालतो. देशाने आपली पोथी अक्षर अक्षर उतरवून घेतली आहे. ती बासनातच ठेवायची नसेल, तर आता गाठीचा अभ्यास हाती घ्यावा लागेल.